ओमाहा: वीस आउट्स हातात असताना पत्ते टाकायचे का?

शनिवारकर

मंडळी, एक हात आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही सात-आठ मराठी मित्र महिन्यातून दोन शनिवारी पत्ते खेळायला बसतो. आधी तीन पत्ती असायची, मग टेक्सास होल्डम आलं, आणि गेलं वर्षभर पॉट लिमिट ओमाहा चालू आहे. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी भरायची रक्कम) १-२ डॉलर, बाय-इन (घेऊन बसायची रक्कम) २००.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला चार पत्ते, मध्ये पाच उघडे. हातातले नेमके दोन आणि मधले नेमके तीन घेऊन पाच पत्त्यांचा हात करायचा. एक घेऊन चालत नाही, तीन घेऊनही चालत नाहीत. आणि एका वेळी मध्ये जेवढा पॉट आहे तेवढीच जास्तीत जास्त बेट लावता येते.

माझा हात: इस्पिकची सत्ती, बदामची छक्की, इस्पिकची पंजी, चौकटचा राजा. चौघांनी ८-८ डॉलर घातले, पॉट ३२.

फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते): इस्पिकची नव्वी, बदामची अठ्ठी, इस्पिकची दुर्री.

मी आउट्स मोजले, म्हणजे हात पूर्ण करणारे किती पत्ते उरलेत ते. दश्शी आली तर स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), सत्ती आली तर स्ट्रेट, छक्की, पंजी, सगळ्यांनी स्ट्रेट. ४ + ३ + ३ + ३ = १३. वर इस्पिकचा फ्लश ड्रॉ (पाच इस्पिक व्हायला एकच कमी), ९ पत्ते, त्यातली दश्शी आणि छक्की आधीच मोजलेली, म्हणजे ७ नवे. एकूण २०. अजून दोन पत्ते उघडायचे होते, म्हणजे जवळपास ७० टक्के वेळा काहीतरी लागणारच.

पहिल्याने ३० लावले, दुसऱ्याने कॉल केलं (तेवढेच भरले), मीही कॉल केलं. चौथा गेला. पॉट १२२. टर्नला (मधला चौथा पत्ता) चौकटची दश्शी! मनातल्या मनात उडीच मारली. पहिल्याने ११० लावले, दुसरा गेला, मी उरलेले सगळे १६२ ढकलले. त्याने क्षणभरही विचार न करता कॉल केलं आणि पत्ते उलटले: इस्पिकचा एक्का, बदामची राणी, किल्वरचा गुलाम, इस्पिकची तिर्री. राणी-गुलाम धरून त्याचा स्ट्रेट माझ्यापेक्षा मोठा. मग कळलं की रिव्हरला (मधला पाचवा पत्ता) एकही पत्ता मला वाचवणारा नव्हता.

प्रश्न सरळ आहे. फ्लॉपवर काय करायला हवं होतं? फोल्ड (पत्ते टाकणं), कॉल की पॉटभर रेज (बेट वाढवणं)? वीस आउट्स असताना पत्ते टाकायचे हे मला अजून पचत नाही.

---

कोथरूडकर

फ्लॉपवर रेजच. कॉल करून तिघांना आत ठेवलंस तिथेच घोळ झाला. वीस आउट्सवर मी डोळे मिटून पॉट लावतो.

---

आकडेमोड

कोथरूडकर, डोळे उघडे ठेवून एकदा मोजू या. शनिवारकरांनी आउट्स मोजले ते बरोबर मोजले, पण ते "मला स्ट्रेट किंवा फ्लश करून देणारे पत्ते" आहेत. "मला जिंकून देणारे पत्ते" वेगळे. होल्डममध्ये या दोन्हींत फारसा फरक पडत नाही. ओमाहात सगळा खेळ याच फरकावर चालतो, कारण समोरच्याच्या चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. तुमच्यापेक्षा वरची जोडी कुणाच्या ना कुणाच्या हातात असतेच.

एकेक पत्ता घेऊ.

दश्शी आली: मध्ये १०-९-८. तुमच्याकडे ७-६. तुमच्या वर गुलाम-सत्ती, आणि त्याच्या वर राणी-गुलाम. म्हणजे तुमचा तिसऱ्या नंबरचा स्ट्रेट. झालंही तेच.

सत्ती आली: मध्ये ९-८-७. तुमच्याकडे ६-५. वर दश्शी-छक्की, आणि सगळ्यात वर गुलाम-दश्शी. पुन्हा तिसरा नंबर.

छक्की आली: तुमच्याकडे ७-५, वर दश्शी-सत्ती. दुसरा नंबर.

पंजी आली: ७-६ हाच सर्वांत मोठा स्ट्रेट. हे खरे नट्स, म्हणजे त्या क्षणी याहून मोठा हात कुणाकडेही असू शकत नाही. आणि पंज्या उरल्यात तीन, कारण इस्पिकची तुमच्याच हातात आहे.

इस्पिक आलं: तुमचा फ्लश सत्तीचा. एक्का, राजा, राणी, गुलाम, कुठलंही मोठं इस्पिक आणि सोबत आणखी एक इस्पिक घेऊन बसलेला माणूस तुमच्या वर. शिवाय इस्पिकची अठ्ठी आली तर मध्ये जोडी पडते, मग फुल हाउसचीही (तीन सारखे आणि दोन सारखे) भीती.

वीस आउट्स, त्यात नट्स करून देणारे तीन. हा हात आणि "वीस आउट्स" हे शब्द एका वाक्यात येता कामा नयेत.

---

झब्बूराणी

मला पोकरमधलं ओ का ठो कळत नाही, मी आपली मेंढीकोट आणि बदाम सातवाली. पण "नव्वी"? आमच्या घरात नश्शी म्हणतात. आजी तर दश्शी-नश्शी जोडीनेच म्हणायची.

---

शनिवारकर

आकडेमोड, हे वाचून पोटात गोळा आला. तीन?

झब्बूराणी, आमच्याकडे नव्वीच. आईचं माहेर साताऱ्याचं, तिकडूनच आलं असावं.

---

निवांत

आमच्याकडेही नश्शी. +१.

---

आकडेमोड

हो, तीन. आणि समोरच्याचे पत्ते आता माहीत आहेत, तर तेही वजा करून बघा. त्याच्याकडे इस्पिकचा एक्का आणि तिर्री, म्हणजे प्रत्येक इस्पिक त्याचं. राणी-गुलाम त्याच्याकडे, म्हणजे प्रत्येक दश्शी त्याची. तुमच्या हाती उरलं काय? सत्त्या तीन, इस्पिक सोडून छक्क्या दोन, पंज्या तीन. वीसातले आठ. आणि त्यातला एखादा टर्नला लागला तरी रिव्हरला इस्पिक किंवा दश्शी येऊन तो परत पुढे जाऊ शकत होता.

फ्लॉपवर ३० भरायचे होते, मध्ये ९२ होते. ३० भागिले १२२, म्हणजे २५ टक्के लागतात. न दिसलेले पत्ते ४५. वीस आउट्स खरे असते तर पुढच्याच पत्त्याला ४४ टक्के, कॉल अगदी डोळे मिटून. आठ धरले तर १८ टक्के. एवढा फरक आहे.

---

कोथरूडकर

पण समोरच्याचे पत्ते नंतर दिसले! फ्लॉपवर त्याला ते माहीत नव्हतं. निकाल लागल्यावर हिशोब मांडणं सोपं असतं.

---

बेएरियावाला

कोथरूडकरांचा मुद्दा रास्त आहे, म्हणून निकाल विसरून तोच फ्लॉप घेऊ. सोपं जावं म्हणून तिन्ही पत्ते वेगवेगळ्या रंगांचे धरू, म्हणजे फ्लश बाजूला राहील. मध्ये ९-८-२. आता चार वेगळे हात बघा. मी सॅन होजेला कार्डरूममध्ये बसतो तेव्हा हेच चार डोक्यात ठेवून बसतो.

पहिला, ७-६-५ आणि एक भलताच पत्ता. स्ट्रेटचे १३ आउट्स, नट्स तीन. हा शनिवारकरांचा.

दुसरा, राणी-गुलाम-दश्शी आणि एक भलताच पत्ता. आउट्स तेवढेच, १३. राण्या तीन, गुलाम तीन, दश्श्या तीन, सत्त्या चार. सगळेच्या सगळे नट्स! रॅप म्हणजे मधल्या पत्त्यांना वेढणारी स्ट्रेटची रांग. कागदावर दोन्ही हात "तेरा आउट्सचा रॅप", पण एक हात भाड्याचा आणि दुसरा स्वतःच्या मालकीचा.

तिसरा, गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की. हा प्रसिद्ध वीसवाला रॅप. राण्या चार, गुलाम तीन, दश्श्या तीन, सत्त्या तीन, छक्क्या तीन, पंज्या चार. यात गुलाम किंवा दश्शी आली तर नट्स दुसऱ्याकडे असू शकतात, बाकी १४ नट्स.

चौथा, राणी-गुलाम-दश्शी-सत्ती. आउट्स १६, आणि सोळाही नट्स. मला विचाराल तर टेबलवर बरेच लोक आत असताना मला तिसऱ्यापेक्षा चौथा आवडतो.

ओमाहात वरून वेढणारा रॅप आणि खालून वेढणारा रॅप यांना एकच नाव आहे हीच नवख्याची फसगत.

---

पाचवापत्ता

बेएरियावाला, अगदी. त्यात पाच पत्त्यांचा ओमाहा खेळत असाल तर विचारूच नका. चार पत्त्यांत सहा जोड्या, पाचात दहा. तिथे तिसऱ्या नंबरचा स्ट्रेट म्हणजे जवळपास हरलेला हात. आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये सगळे पाचच मागतात, मजा येते म्हणून, आणि मग रात्री दोनला तेच सगळे रिकाम्या खिशाने चहा मागतात.

---

ओलीमाती

मी इथे बहुधा नकोशी वाटेन, पण बोलणार आहे. माझ्या सख्ख्या काकांनी तीन पत्तीत चालतं किराणा दुकान घालवलं. काकूने मंगळसूत्र विकलं ते मी पाहिलंय, मी दुसरीत होते. तुम्ही टक्क्यांत बोलता तेव्हा ऐकायला शास्त्र वाटतं, पण माणूस हरायला लागला की टक्के आठवत नाहीत. तुमच्यापैकी किती जण ठरवलेल्या रकमेवर खरंच उठता?

---

शनिवारकर

ओलीमाती, नकोशी अजिबात नाही. हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

आमच्याकडे एक नियम आहे, यजमानाने पहिल्या दिवशीच घातलेला: दोन बाय-इन गेले की त्या रात्री खेळणं बंद. मग तो माणूस पत्ते वाटतो किंवा गप्पा मारतो. उधारी नाही. एकाला दीड वर्षापूर्वी सलग हरताना पाहून आम्ही त्याला तीन महिने नुसतं जेवायला बोलावलं, टेबलवर घेतलं नाही. तो रागावला होता. आता तो त्याबद्दल आभार मानतो. काकांच्या बाबतीत असं कुणी केलं असतं तर, असं वाटून गेलं.

---

ओलीमाती

हे वाचून बरं वाटलं. चालू द्या. (आणि आमच्याकडेही नश्शी.)

---

मांडवीकाठ

पणजीत राहतो. मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटी रोज खिडकीतून दिसतात, पण आम्हा गोंयकारांना तिथे खेळायला बंदी, त्यामुळे माझं ओमाहा घरच्याच टेबलवर. मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात ते तिथे खेळून माझ्याकडे येतात आणि रात्रभर हात सांगतात. त्यामुळे हरलेले हात ऐकण्याचा अनुभव माझ्याइतका कुणाला नसेल!

त्यातून एक गोष्ट ठाम कळली. हे सगळे "ड्रॉ लागला नाही" म्हणून हरत नाहीत. ड्रॉ लागला नाही की माणूस पत्ते टाकतो, तीस-चाळीसचं नुकसान. मोठं नुकसान होतं ते ड्रॉ लागल्यावर. शनिवारकरांचंच बघा. दश्शी आली नसती तर ३८ डॉलर गेले असते. दश्शी आली म्हणून २०० गेले.

---

आकडेमोड

मांडवीकाठ, अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही लिहिलंत. ड्रॉची किंमत ठरवताना आपण "लागला तर किती मिळेल" हे धरतो. "लागला आणि तरी हरलो तर किती जाईल" हे धरत नाही. खालच्या नंबरचा ड्रॉ लागतो तेव्हा दोनच गोष्टी होतात: समोरच्याकडे काही नसेल तर तो पत्ते टाकतो आणि तुम्हाला छोटा पॉट मिळतो, आणि असेल तर तो शेवटपर्यंत येतो आणि तुमचं सगळं घेऊन जातो.

---

निवांत

मग मला एक कळत नाही. चूक फ्लॉपवर झाली की टर्नवर? मला वाटतं फ्लॉपवर ३० भरणं इतकं काही वाईट नव्हतं. टर्नला तिसऱ्या नंबरच्या स्ट्रेटवर १६२ ढकलले ती खरी चूक. ते रेज बघून कोण पळणार होतं? राणी-गुलामवाला नाही. गुलाम-सत्तीवालाही नाही. पळाला असता तो दोन जोड्यावाला, आणि तो तर आधीच मागे होता. मागच्यांना पळवून पुढच्यांना बोलावणारं रेज आहे हे.

---

शनिवारकर

निवांत, पटलं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं: लागलं! लागलं! रेज कशासाठी करतोय हा प्रश्नच पडला नाही.

---

कोथरूडकर

ठीक आहे, टर्नवरचं मान्य. पण फ्लॉपवर रेजचं मी सोडणार नाही. फ्लॉपला पॉटभर रेज म्हणजे १५२. एक्कावाला बघा, त्याच्याकडे तेव्हा काय होतं? जोडीसुद्धा नाही. इस्पिकचा ड्रॉ आणि एका दश्शीची वाट. तो पळाला असता तर?

---

बेएरियावाला

पळाला नसता. सर्वांत मोठ्या फ्लशचा ड्रॉ, शिवाय नट्स स्ट्रेटच्या चार दश्श्या. इस्पिक ९, इतर दश्श्या ३, बारा आउट्स, आणि मध्ये जोडी पाडणारी इस्पिकची अठ्ठी सोडली तर बाकी सगळे नट्स. पोकर येणारा माणूस हे टाकत नाही. आणि हाच खरा विरोधाभास बघा: फ्लॉपवर शनिवारकरांकडे वीस आणि त्याच्याकडे बारा, तरी पुढे तो होता.

पण तुमचं म्हणणं संपूर्ण चूक नाही. समोर एकच माणूस असता, आपण त्याच्यानंतर बोलणार असतो, आणि तो उगाच बेट लावणारा असता, तर या हातावर रेज चालतं. कारण तेव्हा जिंकण्याचे दोन रस्ते असतात: तो पळतो, किंवा लागतं. इथे बेट करणारा एक, कॉल करणारा दुसरा, मागे बसलेला चौथा. तीन माणसांच्या हातांत बारा पत्ते. त्या बारांत गुलाम-दश्शी, राणी-गुलाम किंवा मोठं इस्पिक नसेलच असं कसं धरायचं?

---

पाचवापत्ता

पॉट लिमिटमध्ये रेजचा हिशोब अनेकांना जमत नाही म्हणून सांगतो. आधी कॉल मनात धरा, मग मध्ये जे होईल तेवढं रेज. इथे ९२ होते, ३० कॉल धरून १२२, म्हणून ३० + १२२ = १५२. कोथरूडकरांचा आकडा बरोबर आहे.

---

निवांत

कुणीतरी तो प्रसिद्ध हात सांगा ना, ऑनलाइनवरचा. मोठा पॉट होता तो.

---

बेएरियावाला

नोव्हेंबर २००९. फुल टिल्ट साइट, ब्लाइंड ५००-१००० डॉलर. एका बाजूला फिनलंडचा पॅट्रिक अँटोनियस, दुसऱ्या बाजूला इसिल्डूर वन हे नाव घेऊन खेळणारा, पुढे कळलं की तो स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम. पॉट १३ लाख ५६ हजार डॉलरच्या वर गेला. ऑनलाइन पोकरचा विक्रम.

अँटोनियसकडे एक्का-राजा-राजा-तिर्री, ब्लोमकडे ९-८-७-६. फ्लॉप ४-५-२. अँटोनियसचा एक्का-तिर्री धरून स्ट्रेट झालेला. ब्लोमकडे नुसता ड्रॉ, पण कसला? तिर्री, छक्की, सत्ती, अठ्ठी, काहीही आलं की नट्स. तिर्री एक अँटोनियसकडे अडकलेली, म्हणजे बारा आउट्स, सगळे अव्वल. दोन पत्त्यांत त्यातला एखादा येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. फ्लॉपवरच सगळे पैसे मध्ये. टर्न पंजी, रिव्हर नव्वी. लागलं नाही, अँटोनियस जिंकला.

शनिवारकर, तुमच्या हाताशी ताडून बघा. आउट्स तुमच्यापेक्षा आठ कमी. तरी मला विचाराल तर ब्लोमचा हात पैसे घालण्याजोगा होता, तुमचा नव्हता.

---

झब्बूराणी

१३ लाख डॉलर एका डावात! आणि मी झब्बूत दोन डाव हरले की नवऱ्याशी अबोला धरते.

---

मांडवीकाठ

हाहा! पत्त्यांवरून अबोला हा आपला राष्ट्रीय खेळ आहे.

एक मुद्दा राहिला. शनिवारकर, सुरुवातीलाच ८ डॉलर का भरले? राजा, सत्ती, छक्की, पंजी. त्या राजाचं बाकी तिघांशी नातंच नाही. ना तो त्यांच्याशी स्ट्रेट करतो, ना त्याच्या रंगाचा दुसरा पत्ता आहे. म्हणजे तुम्ही चार पत्त्यांचा खेळ तीन पत्त्यांनी खेळत होता. सहाऐवजी तीनच जोड्या कामाच्या.

---

शनिवारकर

खरं सांगू? इस्पिकची सत्ती-पंजी दिसली, "लागून आहेत, एका रंगाचे आहेत" असं वाटलं आणि भरले. राजा बघून उलट बरंच वाटलं होतं.

---

आकडेमोड

राजा बघून सगळ्यांनाच बरं वाटतं. पण या चौघांच्या जागी राणी-गुलाम-दश्शी आणि त्यांना जोडलेली नव्वी असती तर तो खरा हात. ओमाहात लहान पत्त्यांची रांग दिसायला गोड असते आणि ड्रॉ बनवते तो बहुतेक वेळा खालच्या टोकाचा.

ड्रॉविरुद्ध तयार हात, याचेही आकडे देऊन ठेवतो, मी स्वतः मांडलेत. मध्ये ९-८-२, तिन्ही रंग वेगळे. समोर नव्व्यांचा सेट (तीन सारखे, त्यातले दोन हातात), त्याचे बाकीचे दोन पत्ते कुणाच्या आड येत नाहीत असं धरलंय. वीसवाला रॅप, गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की, त्याच्यासमोर सुमारे ५४ टक्के. ड्रॉ असूनही पुढे! तेरावाला वरचा रॅप, राणी-गुलाम-दश्शी, सुमारे ४१. स्ट्रेट टर्नला लागला तरी सेटवाल्याकडे फुल हाउससाठी नऊ-दहा पत्ते उरतात, दर चार वेळांत जवळपास एकदा तो परत येतो. हे धरूनचे आकडे आहेत.

---

निवांत

नुसते ऑनलाइन खेळून शिकलेल्यांना हे कागदावर मांडायची सवयच नाही. माझंही तसंच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि माझा तो अड्डा बंद झाला. आता वही-पेन घेऊन हात मांडतो, आणि खरं तर आत्ताच जास्त शिकतोय.

---

शनिवारकर

दोन आठवड्यांनी परत आलोय. काल शनिवार होता. सगळं वाचून, वहीत उतरवून गेलो होतो.

रात्री अकराच्या सुमाराला हा हात आला: इस्पिकची राणी, इस्पिकचा गुलाम, बदामची दश्शी, बदामची चव्वी. तिघं आत, प्रत्येकी १०, पॉट ३०. फ्लॉप: चौकटची नव्वी, किल्वरची अठ्ठी, बदामची दुर्री. बेएरियावाल्यांचा दुसरा हात, जसाच्या तसा! हात थरथरत होते, यजमानांनी विचारलं सुद्धा, "काय रे, थंडी वाजतेय?"

पहिल्याने ३० लावले. मी पॉटभर रेज केलं, एकूण १२०. तिसरा गेला. पहिल्याने थोडा विचार करून कॉल केलं. पॉट २७०, माझ्याकडे ७० उरले. टर्न किल्वरची तिर्री. काहीच नाही. त्याने मला ७० मागितले. मी कॉल केलं. रिव्हर इस्पिकची दुर्री. त्याने नव्व्यांचा सेट उलटला, फुल हाउस.

२०० गेले. पण आता विचारायचंय ते हे: टर्नला काहीच लागलेलं नसताना ते ७० भरले ते बरोबर होतं का? आणि फ्लॉपवर नुसतं कॉल करायला हवं होतं का?

---

आकडेमोड

टर्नचं आधी. मध्ये ३४० होते, तुमचे ७०. ७० भागिले ४१०, म्हणजे १७ टक्के लागत होते. न दिसलेले ४४ पत्ते, तेरा तुमचे, साडेएकोणतीस टक्के. आणि त्यातले चार किल्वर सोडले (मध्ये तीन किल्वर होऊन फ्लश होऊ शकतो) तर बाकी नऊ नट्स, तिर्रीने मध्ये जोडीही पडली नव्हती. हे टाकलं असतं तर ती चूक ठरली असती.

फ्लॉपचं. समजा समोर सेटच आहे आणि सगळे पैसे जाणारच आहेत. ४१० चे ४१ टक्के म्हणजे १६८. फ्लॉपनंतर तुम्ही घातले १९०. तूट २२ डॉलर. पण तो पळाला असता तर मधले ६० तुमचे झाले असते. म्हणजे दहात तीनदा जरी तो पळणार असेल, तरी हे रेज फायद्याचं. आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे सेट नसतो.

---

कोथरूडकर

तोच माझा मुद्दा होता पहिल्या दिवसापासून! रेज करा! फक्त हात चुकीचा धरला होता मी.

---

बेएरियावाला

हात आणि माणसांची संख्या. शनिवारकर, तो दहात तीनदा पळणारा आहे का?

---

शनिवारकर

तो आमचा यजमान. गेल्या वर्षभरात फ्लॉपवरच्या रेजला पळताना मी त्याला दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा कुकर झाला होता म्हणून स्वयंपाकघरात जायचं होतं.

---

मांडवीकाठ

मग त्याच्यासमोर कॉल.

---

शनिवारकर

वहीत लिहून घेतलं. पुढचा शनिवार २१ तारखेला.